पेल्यातला पेरू गेला कुठे?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नाशिकच्या सुवासिक व्हाइट वाइनबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की सगळं सदर त्यांनाच देऊन टाकलं आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. आपल्या इंदुरात, म्हणजे मध्य प्रदेशात, एकवीस वर्षांखालच्यांना मद्य विकता येत नाही, तेव्हा पत्रलेखक त्या वयाच्या पुढचे आहेत असं गृहीत धरलं आहे.

लेबलवर पेरू, लिची, मोगरा असं काय काय लिहिलेलं होतं. आम्ही चौघांनी शेनिन ब्लाँ (त्याच नावाच्या द्राक्षाची वाइन) फ्रीजमधून काढून लगेच चाखली. गार आणि आंबट, एवढंच कळलं. दोष आमच्या नाकाचा की बाटलीचा?
— अ. दे., सुदामा नगर

दोष बहुधा फ्रीजचा. घरचा फ्रीज चार-पाच अंशांवर चालतो. इतक्या थंडीत वासाचे रेणू द्रवातून फारसे वर उठत नाहीत, गोडी दबते, आणि आंबट-कडू तेवढं पुढे येतं. म्हणजे तुम्हाला जे कळलं ते बरोबरच कळलं, फक्त चुकीच्या तापमानाला.

अशा वाइनला पेल्यात आठ ते बारा अंश हवेत. बाटली फ्रीजमधून काढून पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवा. मे महिन्यात दहा पुरे. बाटली गार नसेल आणि पाहुणे दारात असतील तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून ती मानेपर्यंत बुडवा. तीस अंशांवरून आठ-नऊपर्यंत यायला वीसेक मिनिटं लागतात. नुसत्या बर्फात ठेवू नका: खड्यांमध्ये हवा राहते आणि दुप्पट वेळ जातो. फ्रीझरमध्ये ठेवायचीच तर गजर लावून ठेवा. बारा टक्के अल्कोहोलची वाइन उणे पाच अंशांच्या आसपास गोठते, फुगते आणि बूच वर ढकलते.

पेल्याबद्दल कुणी विचारलं नाही, पण अर्धी गोष्ट तिथेच बिघडते. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने चाखण्याचा पेला ठरवून दिला, त्याचा क्रमांक आयएसओ ३५९१. पोट ६५ मिलिमीटर रुंद, तोंड मात्र ४६ मिलिमीटर; मावतं सुमारे २१५ मिलिलिटर आणि ओतायची फक्त ५०. उरलेली मोकळी जागा वासासाठी असते, आणि तोंड अरुंद असल्यामुळे तो वास तिथेच कोंडून राहतो. हाच पेला हवा असं नाही. वर निमुळता होणारा कोणताही काचेचा पेला चालेल, ब्रँडीचासुद्धा. सरबताचा सरळ ग्लास आणि स्टीलचं भांडं मात्र नको. पेले सुगंधी साबणाने घासून, बंद कपाटात पालथे घालून ठेवले असतील तर त्यांना साबणाचा आणि प्लायवूडचा वास असतो. गरम पाण्याने विसळा, निथळू द्या, पुसायला बिनवासाचं फडकं घ्या.

पेला असा घेतला की पुढचा क्रम ठरलेला आहे. आधी पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून रंग पाहा. ताजी सुवासिक व्हाइट फिकट, किंचित हिरवट झाक असलेली दिसते. गडद सोनेरी किंवा तपकिरीकडे झुकलेली असेल तर सावध व्हा. मग पेला न हलवता एकदा हुंगा, कारण सर्वांत हलके वास पहिल्या क्षणी येतात आणि फिरवल्यावर उडून जातात. त्यानंतर पेला टेबलावर ठेवूनच पाच-सहा वेळा गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. दोन-तीन छोटे श्वास घ्यायचे; एक लांबलचक श्वास नाही. तोच वास सतत घेत राहिलं तर अर्ध्या-एक मिनिटात नाक थकतं. अशा वेळी पेला खाली ठेवून स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाक पुन्हा ताळ्यावर येतं.

आता घोट. दहा-पंधरा मिलिलिटर पुरे. ओठ किंचित उघडून त्यावरून थोडी हवा आत ओढा, वाइन सगळ्या तोंडात फिरवा, आठ-दहा सेकंदांनी गिळा किंवा थुंका, आणि लगेच नाकाने श्वास सोडा. वासाचा मोठा भाग इथेच सापडतो, कारण घशाच्या मागून तो नाकात चढतो. हुंगताना काहीच न कळलेल्यांना बऱ्याचदा या शेवटच्या श्वासात पेरू मिळतो. जिभेवर वास राहतो किती सेकंद, तेही मोजा. पाचच्या आत संपला तर वाइन साधी. दहा-बाराच्या पुढे रेंगाळला तर चांगली.

खोलीत उदबत्ती, फोडणी, अत्तर, केसातला गजरा, सगळं बंद. चहा, पान किंवा टूथपेस्टनंतर तासभर थांबा. सकाळी अकराच्या सुमाराला, जेवणाआधी, नाक सर्वांत तल्लख असतं. पण ही वेळ घरात कितपत शोभेल ते तुमचं तुम्ही ठरवा.

मला प्रत्येक व्हाइट वाइनला 'फळांसारखा' एवढाच वास येतो. नेमकं फळ ओळखायला शिकता येतं का?
— मी. जो., रामबाग

येतं, आणि घरच्या घरी. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वाइनच्या वासांचं एक चक्र आखलं. ते वापरायची त्यांची रीत सोपी आहे: साध्या, फारसा वास नसलेल्या वाइनमध्ये प्रत्यक्ष पदार्थ टाकायचा, हुंगायचा, आणि नाव पाठ करायचं. बहुतेकांना वास येतो, नाव आठवत नाही. ही रीत त्या नावासाठीच आहे.

सर्वांत स्वस्त, कमी वासाची ड्राय, म्हणजे गोड नसलेली, व्हाइट घ्या. प्रत्येक पेल्यात ५० मिलिलिटर ओता, पदार्थ टाका, वर बशी झाका. पिकलेल्या पेरूची दहा ग्रॅमची एक फोड. ढोबळी मिरचीचा एक सेंटिमीटरचा चौकोन, दहा मिनिटांनी काढून टाकायचा, नाहीतर सगळी खोली भाजी मंडई होते. संत्र्याच्या सालीचा नखाएवढा तुकडा, पांढरा भाग खरवडून. गवती चहाचं दोन सेंटिमीटर पातं, चुरगळून. लिचीच्या डब्यातला पाक एक चमचा. गुलाबजल अर्धा चमचा. मध अर्धा चमचा, नीट विरघळवून. जर्दाळू अर्धा, बारीक चिरून, तासभर भिजवून. एका पेल्यात काहीच टाकू नका, तो तुलनेसाठी. मोगऱ्याचं फूल वाइनमध्ये न बुडवता कोरड्या पेल्यात ठेवा. हे सगळं हुंगण्यासाठी आहे, पिण्यासाठी नाही.

पेल्यांच्या तळाशी चिठ्ठ्या चिकटवा, दुसऱ्या कुणाकडून जागा बदलून घ्या आणि न बघता ओळखा. पहिल्या फेरीत निम्मे बरोबर आले तरी उत्तम. मग खरी वाइन शेजारी ठेवून कोणत्या पेल्याशी जुळते ते पाहा. ही जुळणी कल्पनेतली नाही. सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षाच्या वाइनमधला ढोबळी मिरचीचा वास आणि मिरचीतला वास एकाच रेणूचा, एका पायराझिनचा, आहे. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी कळतो. पेरूच्या वासामागचे गंधकयुक्त रेणूही पेरूत आणि सोव्हिन्योंत तेच. मस्कत द्राक्षातला लिनालूल हा रेणू धण्यात असतो, जिरॅनिऑल गुलाबात. गेवुर्त्सट्रामिनर द्राक्षाच्या वाइनमधल्या लिचीमागचा रोझ ऑक्साइडही गुलाबात सापडतो. म्हणून त्या वाइनला कुणी लिची म्हणतं, कुणी गुलाब, आणि दोघंही बरोबर असतात.

एक सवलत स्वतःला द्या. काही रेणूंचा वास काही माणसांना जन्मतःच येत नाही. व्हायोलेट फुलांच्या वासाचा बीटा-आयोनोन हे त्याचं ठरलेलं उदाहरण. शेजाऱ्याला आला, तुम्हाला नाही, तर सराव कमी पडला असं दरवेळी समजू नका.

लेबलवर ड्राय आहे, पण घरात सगळे म्हणतात गोड आहे. कोण खरं?
— वि. गो., लोकमान्य नगर

बहुधा लेबल. पिकलेल्या फळाचा वास आला की मेंदू गोडी स्वतःच मिसळून टाकतो. नाक चिमटीत धरून घोट घ्या. गोडी तशीच राहिली तर साखर खरोखर आहे. गायब झाली तर ती वासाची होती.

आकड्यांत सांगायचं तर युरोपच्या नियमांत लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर म्हणजे ड्राय, आंबटपणा भरपूर असेल तर ९ पर्यंत. १२ पर्यंत मध्यम ड्राय, ४५ पर्यंत मध्यम गोड, पुढे गोड. हे आकडे जिभेला कळावेत म्हणून एक सोपा प्रयोग. चार ग्लासांत प्रत्येकी पाव लिटर पाणी घ्या. प्रत्येकात दीड ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घाला, म्हणजे आंबटपणा वाइनइतका होतो. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात १ ग्रॅम साखर, तिसऱ्यात ३, चौथ्यात ११. सोनारी काट्यासारखा छोटा वजनकाटा लागेल, चमच्याने ग्रॅम मोजता येत नाही. दुसऱ्या ग्लासात साखर आहे हे जवळपास कुणालाच कळत नाही. तिसऱ्यात आंबटपणाची धार बोथट झाल्यासारखी वाटते, पण गोड कुणी म्हणत नाही. गोड म्हणतात ते चौथ्याला. आंबटपणा साखरेला किती झाकतो ते इथे जिभेलाच दिसतं. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिन ब्लाँ तिसऱ्या ग्लासाच्या आगेमागे असतात, त्यामुळे घरच्यांचंही अगदीच चूक नाही.

गेल्या वर्षी आणलेल्या सहा बाटल्यांपैकी पहिलीत पेरू आणि केळ्याचा वास दरवळत होता. वर्षभराने शेवटची उघडली तर वास जवळजवळ नाही. वाइन जुनी झाली की चांगली होते ना?
— श्री. का., नारायण बाग

ही समजूत मोडायला हवी, निदान या वाइनपुरती.

वास दोन ठिकाणांहून येतात. काही द्राक्षाच्या सालीतून: मस्कत, गेवुर्त्सट्रामिनर, रीसलिंग, काही अंशी व्हिऑन्ये. फुलांचे, संत्र्याच्या सालीचे, मसाल्याचे हे वास टिकाऊ असतात, कारण त्यातला मोठा साठा साखरेच्या रेणूला बांधलेला असतो आणि सावकाश मोकळा होतो. दुसरे वास यीस्ट आंबवताना तयार करतं: केळं, अननस, सफरचंद. शेनिन ब्लाँ मुळात कमी वासाचं द्राक्ष आहे. वाइनरीत ते स्टीलच्या टाक्यांत बारा ते पंधरा अंशांवर सावकाश आंबवतात ते हे दुसरे वास टिकवून धरण्यासाठीच. हे एस्टर नावाचे रेणू आहेत आणि बाटलीत ते हळूहळू मोडतात. वर्ष-दीड वर्षात त्यांचा भर ओसरतो. सोव्हिन्योंमधला पॅशनफ्रूट-पेरूचा तीव्र वास तर आणखी नाजूक. तेव्हा तुमची सहावी बाटली बिघडलेली नव्हती, तिचं वय झालं होतं.

त्यात भर इंदूरच्या उन्हाळ्याची. तापमान दहा अंशांनी चढलं की अशा रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात. एप्रिल ते जून माळ्यावर पडलेली बाटली म्हणजे काही महिन्यांत दोन वर्षं म्हातारी झालेली बाटली. माळा, फ्रीजच्या वरची जागा, देवघराशेजारचं उजेडाचं कपाट, तिन्ही टाळा. फिरकीच्या झाकणाची बाटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वर्षभर खुशाल उभी ठेवा. बुचाची असेल तर आडवी, आणि चार-सहा महिन्यांत संपवा, कारण फ्रीजची कोरडी हवा बूच सुकवते. पारदर्शक काचेची असेल तर कागदात गुंडाळा: उजेडाने काही तासांत उकडलेल्या कोबीचा वास लागू शकतो, दुकानातल्या ट्यूबलाइटनेही.

घेताना सालाकडे बघा. नाशिककडे एप्रिलमध्ये एक छाटणी होते, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला दुसरी, आणि वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. युरोपात काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. त्यामुळे दोन बाटल्यांवर एकच साल असलं तरी नाशिकची बाटली सात-आठ महिने मोठी असते. शेनिन आणि सोव्हिन्यों चालू किंवा मागच्या सालाचीच घ्या. मस्कत आणि रीसलिंगला दोन-तीन वर्षं हरकत नाही. सहाच्या जागी दोन-दोन आणलेल्या बऱ्या.

नाशिकच्या रीसलिंगला चक्क घासलेटचा वास आला. भेसळ तर नाही?
— एक वाचक, छावणी

नाही. तो टीडीएन नावाच्या रेणूचा वास आहे आणि रीसलिंगची ओळखच मानला जातो. सालीतल्या कॅरोटीन जातीच्या रंगद्रव्यांपासून तो बनतो. घडांवर ऊन जितकं जास्त, तितका तो जास्त, म्हणून उष्ण प्रदेशातल्या रीसलिंगमध्ये लवकर जाणवतो. बाटलीत वयानुसार वाढतो. बूच त्यातला बराचसा शोषून घेतं, फिरकीचं झाकण नाही. तोही एक फरक. लिंबाच्या सालीबरोबर हलकासा असेल तर छान लागतो. दुसरं काहीच येत नसेल तर आवडला नाही म्हणायला संकोच करू नका.

खरे दोष वेगळे. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट, आणि त्यासोबत व्हिनेगर. जिवाणूंचं काम, त्यावर उपाय नाही. ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या गोणपाटाचा वास हा बुचातल्या टीसीए नावाच्या रेणूचा. लिटरला काही नॅनोग्रॅम पुरतात. हा दोष सौम्य असेल तेव्हा जास्त फसवतो: गोणपाट कळत नाही, फक्त फळाचा वास मेलेला असतो, आणि बिचाऱ्या वाइनरीला नावं ठेवली जातात. हवा लागून वाढतो तो टीसीए, फिरवल्यावर वास अधिक वाईट झाला तर तोच समजा. कापून काळं पडलेल्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी रंग म्हणजे हवा शिरली. शिजवलेल्या फळाचा, मुरांब्यासारखा वास, वर आलेलं बूच, मानेवर चिकट ओघळ म्हणजे ऊन लागलं.

नासक्या अंड्याचा वास मात्र पुष्कळदा जातो. तो हायड्रोजन सल्फाइड, हवाबंद झाकणात कोंडलेला. दोन जगांमध्ये चार-पाच वेळा उंचावरून ओता आणि दहा मिनिटं थांबा. तरी गेला नाही तर एका पेल्यात स्वच्छ घासलेली तांब्याची तार दहा सेकंद फिरवा. वास गेला तर निदान पक्कं. पण हे परीक्षेपुरतंच. तांबं सोव्हिन्योंचे पेरूचे रेणूही बांधून घेतं, आणि आंबट वाइन तांब्याच्या भांड्यात ओतली तर तांबं विरघळून तिच्यात उतरतं. घरचा तांब्या त्यासाठी काढू नका.

बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे आहेत.
— सौ. प., अन्नपूर्णा रोड

टार्टरिक आम्लाचं पोटॅशियम क्षार. थंडीत साका बसतो तसा खाली बसतो, बेकिंगमध्ये वापरतात तेच क्रीम ऑफ टार्टार. काच पाण्यात विरघळत नाही, हे खडे गरम पाण्यात विरघळतात, करून बघा. शेवटचा घोट बाटलीतच ठेवा.

डिसेंबरात गाडीने नाशिकला जाणार आहोत. वाइनरीत टेस्टिंगला काय विचारावं? आणि सगळ्यांसमोर थुंकणं असभ्य नाही का?
— रो. आणि के. त., तिलक नगर

थुंकायचं भांडं टेबलावर असतंच. नसेल तर मागा, कुणी वेगळं बघत नाही. हिशोब पाहा. ५० मिलिलिटरचे सहा नमुने म्हणजे ३०० मिलिलिटर. साडेबारा टक्क्यांनी त्यात सुमारे ३० ग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. साठ किलोचा माणूस एवढं पटकन प्यायला तर ती सहज ओलांडतो. चालकाने फक्त हुंगावं, अगदी घोटही नको, आणि परतीचा चारशे किलोमीटरचा घाटरस्ता दुसऱ्या दिवशी धरावा.

क्रम स्वतः ठरवून मागा: आधी ड्राय, मग किंचित गोड, शेवटी गोड; आधी कमी वासाची, मग जास्त वासाची. मस्कतनंतर शेनिन घेतली तर शेनिन पाण्यासारखी लागते. मधे साधं पाणी आणि कोरडा ब्रेड. चीजच्या तळलेल्या थाळीचा आग्रह झाला तर ती टेस्टिंगनंतर मागवा.

विचारायचे प्रश्न थोडेच, पण नेमके. काढणी रात्री केली की दिवसा? गार द्राक्षांत वास टिकतो. रस सालीबरोबर किती तास ठेवला? सुवासिक द्राक्षांना काही तास फायद्याचे, जास्त झाले तर कडवटपणा उतरतो; गेवुर्त्सट्रामिनर आणि व्हिऑन्येच्या शेवटी जो कडसर चटका लागतो तो बऱ्याचदा तिथला. लिटरला साखर किती? आम्ल बाहेरून घातलं का? उन्हाळी मुलखात द्राक्षातलं मॅलिक आम्ल जळून जातं, टार्टरिक घालावं लागतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि मोकळेपणाने सांगणारी वाइनरी विश्वासाची. शेवटचा प्रश्न: बाटलीत केव्हा भरली? तारीख लेबलवर सापडली तर तीही पाहा.

डिसेंबरात वेलींवर घड कच्चे असतील. तोडणी बघायची असेल तर फेब्रुवारीत जा.

बाटल्या आणण्याबद्दल: लेबलवर विक्री कोणत्या राज्यासाठी आहे ते छापलेलं असतं, आणि परराज्यातून मद्य आणण्यावर अबकारी खात्याची बंधनं आहेत. निघण्याआधी अबकारी कार्यालयात विचारा, किंवा तिथे चाखून नाव लिहून घ्या आणि तीच वाइन इंदूरच्या परवानाधारक दुकानात मागा. दुकानात पुढच्या काचेतली बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा.

सोबत खायला काय? पाहुणे पुण्याचे आहेत, त्यांना इंदूरचं खिलवायचं आहे.
— ज. ना., स्नेहलता गंज

भुट्ट्याचा कीस. दुधात शिजलेला मका, मोहरीची फोडणी, बेताची मिरची. किंचित गोड शेनिन ब्लाँ त्याच्याशी उत्तम जमते. हिवाळा असेल तर तळलेला गराडू हा कंद: तेलकट आणि पिठूळ, म्हणून आंबटपणा जास्त असलेली सोव्हिन्यों, गार, नऊ अंशांवर. त्यावरचा मसाला निम्माच भुरभुरवा. खोबऱ्याचं पॅटीसही चालतं.

पोहे चालतील, पण त्यावर भुरभुरायचा जिरावण मसाला टाळा. त्यातल्या काळ्या मिठाला स्वतःचाच गंधकाचा वास असतो आणि हिंग वर. फुलांचा सगळा वास दोन घासांत पुसला जातो. लाल तिखटाची सेव आणि साडेतेरा टक्क्यांची व्हिऑन्ये एकत्र ठेवू नका: अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. तिखटासोबत कमी अल्कोहोल, थोडी साखर, जास्त गारवा. अळूवडीतल्या चिंच-गुळासाठी वाइनलाही तेवढी गोडी हवी, नाहीतर ती लिंबाच्या पाण्यासारखी लागते. जिलबी किंवा श्रीखंडापुढे तर भली गोड मस्कतही पातळ आणि आंबट होते. पक्वान्नं आली की पेले उचला.

मेजवानीचं माप: ७५० मिलिलिटरच्या बाटलीत जेवणाचे पाच पेले, किंवा ५० मिलिलिटरचे पंधरा नमुने. आठ माणसांना दोन प्रकार चाखायला द्यायचे तर दोन बाटल्यांत जवळजवळ निम्मी उरते, आणि उरलेल्याबद्दल शेवटचं पत्र आहेच.

उघडलेली बाटली किती दिवस ठेवावी?
— तेच

रिकामी ३७५ मिलिलिटरची फिरकीची बाटली गरम पाण्याने धुऊन तयार ठेवा. मोठी बाटली उघडल्याबरोबर, पेले भरायच्याही आधी, ती काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा. वरती बोटभरसुद्धा हवा नको. अशी चार दिवस बरी राहते. अर्धी रिकामी बाटली तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पेरू गेलेला असतो, तिसऱ्या दिवशी सफरचंद काळं पडतं. तोवर ती कढईत घाला: कांदा-लसणावर पाव वाटी, झाकण न ठेवता दोन-तीन मिनिटं उकळून, मग मश्रूम किंवा मटार. कढई लोखंडाची नको, आम्लाने काळी चव उतरते.